‘फायर’ची तेवीस कार्डं

३ नोव्हेंबर, सोमवार

मिळाला! शेवटी मिळाला. दोन वर्षं नुसती ‘एफ’च्या कडेकडेने चालले आहे — पंखा, शेत, ताप, अंजीर — आणि आज बाईंनी माझ्या टेबलावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आपटला. "‘फायर’ तुझा. चोवीस तारखेला पान बंद. मुदत वाढवून मागायला आलीस तर ऐकून घेणार नाही."

बाई म्हणजे आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या मुख्य संपादक. त्यांच्या राज्यात अर्थ पुस्तकातून उचलायचा नाही. ज्याचा जो धंदा त्याच्या दारात जायचं, विचारायचं, कार्ड लिहायचं. प्रत्येक कार्डाच्या तळाशी दोन शब्द छापलेले असतात — ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’. सांगणाऱ्याने त्यातल्या एकावर खूण करायची आणि खाली सही. ‘पाहिले’ची कार्डं छपाईला जातात, ‘ऐकले’ची कपाटात. सूट कुणालाही नाही. शेजारच्या टेबलावरचा स्वल्पविराम (बोलताना दर दोन शब्दांनी थांबतो, म्हणून हे नाव, खरं नाव आता त्याच्या आईलाच ठाऊक असेल) एकदा म्हणाला, "बाई, पुढे ‘जी’मध्ये, भूत आलं, की सही, कुणाची घ्यायची?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "भुताची."

घरी येऊन बाबांना सांगितलं. "कुठला शब्द?" "फायर." बाबा हसले. "म्हणजे मीच की," म्हणाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळभर नुसते मराठी शब्द लिहून काढले. विस्तव — ताब्यातला. आग — ताब्यातून सुटलेली. जाळ — भांड्याखालचा. मग निखारा, ठिणगी, भडका, वणवा, ज्योत, धग, झळ. शिवाय अंगाची आग, पोटातली आग, तळपायाची मस्तकात जाणारी. आपली माणसं किती धास्तावली असतील या वस्तूला, की तिच्या प्रत्येक हालचालीला वेगळं नाव देऊन ठेवलं! आणि इंग्रजाने या सगळ्यावर एकच शब्द ठेवला. वर त्यानेच बंदूक झाडली, त्यानेच मडकं भाजलं, माणसाच्या अंगातली रगही त्यातच कोंबली. एवढ्याशा शब्दात! चहा निवून गेला, मी कार्डाकडे बघतच बसले होते.

दुपारी एक शोध लागला. ‘फैर’. बंदुकीची फैर, प्रश्नांची फैर. ही तर तीच बया! कधीतरी शिपायांबरोबर आली, इथे घर केलं, आणि आता कुणी तिला परकी म्हणत नाही. स्वल्पविरामला सांगितलं तर तो चक्क न थांबता म्हणाला, "काय सांगतेस काय."

खूप दिवसांनी असं झालं की काम संपवून उठावंसंच वाटेना.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबांच्या डोळ्यांबद्दल इथे लिहायचं टाळत होते. आता लिहिते.

अडतीस वर्षं काचेच्या कारखान्यात, भट्टीवर. भट्टीच्या धगीने मोतीबिंदू लवकर धरतो म्हणतात, तसा त्यांना धरला. डाव्या डोळ्यातला ‘बघू’, ‘बघू’ करत इतका पिकू दिला की आतला दाब वाढला आणि डोळाच गेला. त्याला दोन वर्षं झाली. आता उजवा त्याच वाटेवर आहे. उजेड-अंधार कळतो, समोर कुणी उभं राहिलं तर आकार कळतो, बाकी आवाजावर चालतं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे मी आले की माझ्या चपलांवरून ओळखतात.

डॉक्टरीणबाई आज स्पष्टच बोलल्या. "महिन्याभरात काढायला हवा. उशीर केलात तर हाही जाईल." सोमवारी तपासणी, ती नीट झाली की ऑपरेशनची तारीख.

बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "बघू." भर रस्त्यात मी त्यांच्यावर ओरडले. लोक बघायला लागले. मग घरी पोचेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी बाबांची कार्डं. एका बैठकीत नऊ!

मला वाटत होतं भट्टीबद्दल मला सगळं माहीत आहे. काही माहीत नव्हतं. काचेची भट्टी विझवत नाहीत. विझली तर आतली काच गोठते आणि भट्टी तडकते. म्हणून तिला रविवार नाही, घरातलं लग्न नाही, मयत नाही. "तू जन्मलीस तेव्हा मी तिच्यापाशीच होतो," बाबा म्हणाले. "निरोप आला, मुलगी झाली. पाळी बदलेपर्यंत हलता येईना. मग तिलाच सांगितलं, मुलगी झाली म्हणून." माझ्या जन्माची बातमी बाबांनी आधी भट्टीला सांगितली, हे मला सेहेचाळीसाव्या वर्षी कळतंय.

हवा कमी पडली की ती गुरगुरते, जास्त झाली की बारीक शिट्टी घालते. गाल पुढे केला की किती तापली ते कळतं. हे सांगताना ते गाल खरंच पुढे करत होते, डोळे मिटून, टेबलावरच्या दिव्याकडे.

मग रंग. काळपट लाल, गडद लाल, शेंदरी, नारिंगी, पिवळा, पांढरा. कुठल्या रंगाला किती तापमान ते तोंडपाठ. कारखान्यात नव्या माणसांना जी पुस्तिका देतात त्यातही हे सहा रंग आहेत, आणि ते बाबांनीच सांगितलेले आहेत. मी लिहीत गेले. हा माणूस रोज त्या पांढऱ्या उजेडासमोर आठ तास उभा राहायचा आणि घरी येऊन विचारायचा, "आज भाजी कसली?"

हवा, धग, विझवणं — या तिन्ही कार्डांवर सह्या झाल्या. मी बोट धरून जागा दाखवली, त्यांनी ‘पाहिले’वर खूण केली आणि झोकात सही ठोकली. रंगांची सहा राहिली. "हात दुखला. नंतर बघू."

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला. बॅटरी वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून मारली. बाबांनी चारही वेळा बरोबर बोट दाखवलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग बॅटरीपुढे रंगीत काच धरली. "आजोबा, कुठला रंग?"

बाबा म्हणाले, "हिरवा."

काच लाल होती.

दुसरी. "लाल." हिरवी होती. पुन्हा, पुन्हा. पाढा पाठ नसलेलं पोर बाईंच्या चेहऱ्याचा अंदाज घेत उत्तर देतं तसे बाबा बोलत होते, आणि त्यांना तर चेहराही दिसत नव्हता.

मला बाहेर बोलावून डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मोतीबिंदू इतका दाट आहे की डोळ्याच्या मागचा पडदा यंत्राला नीट दिसत नाही. तो चांगला आहे की नाही हे अशाच प्रश्नांवरून ओळखायचं. दिशा कळते पण रंग कळत नाही, म्हणजे पडद्याचा मधला भाग गेला. "इतकी वर्षं भट्टीत बघितलंय त्यांनी. जळलाच असणार. असा डोळा उघडून धोका तेवढा पत्करायचा, हाती काही लागायचं नाही. मी उघडणार नाही. औषधांनी दाब सांभाळू."

"म्हणजे तो जाऊ द्यायचा?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, खचतील. "बरं," म्हणाले. "पंखा लाव जरा." बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिनेच नेले बाबांचे डोळे. आणि मी तिच्या कौतुकाची कार्डं लिहितेय! आज एकही लिहिलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंनी हाकललं. "रडून कुणाचा डोळा बरा झालेला मी पाहिलेला नाही. जा, जवाहिऱ्याकडे जा. तो अर्थ अजून कोरा आहे."

गेले. खरंच त्यांच्याकडे हा शब्द हिऱ्याला लावतात. हिरा हलवला की आतून रंगाच्या ठिणग्या उडतात, तेच ते. "हिरा थंडगार असतो हो," जवाहिरे म्हणाले. "तो फक्त उजेड फोडतो." चिमट्यात धरून त्यांनी तो दिव्याखाली फिरवला. डाळीच्या दाण्याएवढा असेल. त्यातून निळी निघाली, तांबडी निघाली, हिरवी निघाली — जळत काहीच नाही आणि आग लागलेली! मी तोंड उघडं टाकून बघत होते. हे बाबांना दाखवायला हवं, असं मनात आलं आणि तिथेच डोळे भरले. जवाहिऱ्यांना वाटलं, हिरा बघून भारावले. त्यांनी पाणी मागवलं आणि प्रेमाने आणखी दोन हिरे दाखवले.

परतताना अग्निशमन केंद्रात. तिथल्या बंबवाल्या बाई माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "दिसते त्या आगीला मी भीत नाही, ताई. बंद दाराला हात लावला आणि दार गरम लागलं, की भिते." बोलताना तळहात पुढे धरला होता, जणू दार समोरच होतं. कार्ड पुढे केलं तर ‘पाहिले’वर एवढ्या जोरात खूण केली की कागद फाटायचा.

दिवस वाया गेला नाही. उलट लाज वाटली, की एवढं मोठं काही रोज जगात चालू असतं आणि मी कार्यालयात बसून अंजीर करत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे पाहिलं ते नीट लिहिता येईल का, शंका आहे.

बाबांच्या कारखान्यात नवी भट्टी बांधली आहे. दहा दिवस हळूहळू तापवत आणली. तिथली एक जुनी रीत — नव्या भट्टीतून पहिली काच काढायची, ती भट्टीवरच्या सगळ्यात जुन्या माणसाने ‘काढा’ म्हटल्यावरच. फोरमनचा फोन आला, "वस्ताद, तुमच्याशिवाय नाही." हा फोरमन बाबांच्याच हाताखाली तयार झालेला. मी म्हटलं, अहो त्यांना दिसत नाही. तो म्हणाला, "माहीत आहे ताई. आणा तुम्ही."

बाबांनी इस्त्रीचा सदरा मागितला. मी आयुष्यात पहिल्यांदा आत गेले.

आधी आवाज. तो कानाने नाही, छातीने ऐकू येतो. मग धग, भिंतीसारखी; तिला टेकून उभं राहता येईल इतकी घट्ट. भट्टीच्या अंगाला तळहाताएवढं भोक. फोरमनने निळ्या काचेचा तुकडा डोळ्यापुढे धरायला दिला. मी वाकले. आत जाळ नव्हता. काहीच जळत नव्हतं. भिंती, छत, तळ, सगळ्याचा नुसता उजेड झाला होता. "काच कुठे आहे?" मी विचारलं. "तीच दिसतेय तुम्हाला." तळ म्हणत होते ते काच होती, आणि ती श्वास घेतल्यासारखी हलत होती. मला हात जोडावेसे वाटले. कुणाला, कशाला, ठाऊक नाही. जोडले मात्र.

तापमानाचा मीटर सांगत होता, झालं. माणसं लांब नळ्या घेऊन तयार. साहेब घड्याळ बघत उभे. फोरमनने बाबांना भोकापाशी नेलं. बाबांनी निळी काच उजव्या डोळ्याला लावली. बराच वेळ. मग डावा गाल पुढे केला. मग कान.

"नाही," म्हणाले. "अजून नाही."

"वस्ताद, मीटर झालं म्हणतोय."

"त्याला चहा पाजा. थांबा म्हणावं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या कपाळाला आठी. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत यांचं हसं होणार. फोरमन मात्र गोदामात गेला आणि दुसरा मीटर घेऊन आला. लांब दांडीवरचा. तो आत घातला. सगळे वाकून बघायला लागले.

चाळीस अंश कमी!

साहेबांनी स्वतः बाबांसाठी खुर्ची ओढली. दीड तास आम्ही तिथे बसून होतो. बाबा गाल तिच्याकडे करून, शांत. मग एकदम म्हणाले, "काढा." नळीच्या टोकावर पहिला गोळा बाहेर आला आणि सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडला, बाबांच्याही.

फोरमनने विचारलं, "रंग कसा होता वस्ताद?"

"पुस्तिकेत लिहिलाय तसा," बाबा म्हणाले. सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: पडदा जळलेला असेल तर हे चाळीस अंश दिसले कुठून?

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. वकिलासारखी बोलले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. "उद्या पुन्हा आणा," म्हणाल्या. देवा!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा अंधार, पुन्हा बॅटरी. आठ वेळा विचारलं. चार बरोबर, चार चूक. डोळे मिटून कुणीही सांगेल तेवढंच.

"वाईट वाटतं मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भट्टी त्यांनी सवयीने ओळखली. उजेडाने, धगीने. रंग त्यांना कळत नाही, हे मला दोनदा दिसलं. अशा डोळ्याला मी हात लावू शकत नाही."

येताना विचारलंच. "बाबा, भट्टीतला शेंदरी कळतो आणि बॅटरीतला लाल कळत नाही, असं कसं?" बाबा थांबले. मला वाटलं आता काही बोलतील. "चपलेचा पट्टा सैल झालाय," म्हणाले. वाकून बघितलं. पट्टा चांगला घट्ट होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाबा दिवसभर गॅलरीत. रेडिओ लावला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

एकूण तेवीस कार्डं. सतरांवर सह्या. उरलेली सहा बाबांची — रंगांची. बाई म्हणाल्या, "सोमवारी पान बंद. सही नसेल तर सहाही रंग गळतील." मी म्हटलं, बाई, ते बिचारे आत्ता कुठल्या मनःस्थितीत असतील. बाई म्हणाल्या, "मनःस्थितीचा रकाना कार्डावर नाही." मग हळू आवाजात — "मलाही हवेत ते रंग. पण सही हवी."

संध्याकाळी बाबांची मनधरणी केली. म्हटलं, "तुमची माहिती कोशात जाणार आहे. पुढे पन्नास वर्षं जो कुणी हा शब्द काढेल तो तुमचं वाचेल."

"पन्नास?"

"शंभरसुद्धा. कोश कुणी रोज रोज बदलत नाही."

"वाच बघू पहिलं."

वाचलं. "काळपट लाल. भट्टी पेटून धरू लागते तेव्हाचा रंग."

"परत वाच."

तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज चढला होता. बाबा उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि दार लोटून घेतलं. राग आला मला. एक सही मागितली तर एवढं काय! जेवायलाही वाढून ठेवलं आणि हाक न मारता निघून आले. आता वाईट वाटतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चहाच्या आधी बाबा टेबलाशी येऊन बसले. "सही करतो," म्हणाले. "पण ‘पाहिले’वर नको. ‘ऐकले’वर माझं बोट ठेव."

सहाही कार्डांवर.

लाल आणि हिरवा त्यांना जन्मापासून वेगळे दिसत नाहीत. कामाला लागले तेव्हा कुणी विचारलं नाही, नंतर सांगायची सोय राहिली नाही. त्यांचे वस्ताद म्हणायचे ‘हा लाल’, हे मनात धरायचे ‘एवढा उजेड’. ‘हा शेंदरी’ — ‘त्याहून इतका जास्त’. अडतीस वर्षं. एकदाही चुकले नाहीत. आई टोमॅटो त्यांना कधी आणू द्यायची नाही, ते का, हे मला आज कळलं.

"डोळ्याचं काय, गेला असता," म्हणाले. "पण शंभर वर्षं खोटं छापून राहायला नको."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. सांगितलं. त्या म्हणाल्या, "जन्मापासून? अहो, मग मी विचारत होते तो प्रश्नच चुकीचा होता. पडद्याला काहीच झालं नसेल. बुधवारी सकाळी ऑपरेशनला घेऊन या त्यांना."